मुंबईचा फोन चालू होता तेव्हा

आमच्या कापड दुकानात कार्डाचं यंत्र आलं ते माझ्यामुळे, असं माझे सासरे पुढे बरीच वर्षं म्हणत. ते खोटं नव्हतं. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. पुण्या-मुंबईला नोकरीला लागलेली बीडची पोरं लग्नाचा बस्ता बांधायला गावी यायची आणि रोख रकमेऐवजी प्लास्टिकचं कार्ड पुढं करायची. आम्ही नाही म्हटलं की ती मंडळी औरंगाबादला जायची. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते फार लागायचं. यंत्र घ्यायचं तर मुंबईला फोन करून हिंदी-इंग्रजीत बोलणारं कोणीतरी दुकानात हवं होतं. मी लातूरला बी.कॉम. झालेली. घरात तेवढं बोलता येणारी मीच.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. कपाळाला भस्माचे पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल, आणि गादीवर बसले की दुकानात कोणाचा आवाज चढायचा नाही. त्यांना ही कल्पना मुळीच पटली नव्हती.

"पैसा दिसना, आन् माल मात्र जायचा दाराभाईर," ते म्हणाले. "ह्याला धंदा म्हनायचं का?"

"बँक देते, अप्पा. आठ-पंधरा दिवसांत खात्यात जमा होतात," हे म्हणाले.

"आन् न्हाई झाले तर कुनाच्या दारात जाऊ मी? बंबईला?"

शेवटी बँकेचा एक अधिकारी औरंगाबादहून आला आणि यंत्र बसवून गेला. बसवण्यासारखं त्यात काही नव्हतं. शाळेच्या पाटीएवढा लोखंडी ठोकळा. खाचेत कार्ड ठेवायचं, त्यावर कार्बनची तीन पानी चिठ्ठी, आणि वरचा दांडा जोर लावून इकडून तिकडे ओढायचा. कार्डावरची उठावाची अक्षरं चिठ्ठीवर उमटायची, गिऱ्हाईक खाली सही करायचं, की झालं. रक्कम ठराविक आकड्याच्या पुढे गेली तर मात्र आधी मुंबईला फोन करायचा. तिथून होकार आला तरच माल द्यायचा.

"आणि मुंबईनं सांगितलं तर कार्ड परत द्यायचं नाही," तो अधिकारी म्हणाला. "ठेवून घ्यायचं. कात्रीनं दोन तुकडे करायचे आणि आमच्याकडे पाठवायचे."

"आणि गिऱ्हाईक देत नाही म्हणालं तर?" मी विचारलं.

"मॅडम, कार्ड बँकेच्या मालकीचं असतं. गिऱ्हाईकाच्या नाही."

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण तो घाईत होता, त्याला अजून दोन दुकानं करायची होती. जाता जाता अप्पांना म्हणाला, "काळजी करू नका काका. सगळ्यांच्या वर मध्यवर्ती बँक बसलेली असते. नोटेवर सही असते ना, ती. तिचं बारीक लक्ष असतं." त्यानं धीर द्यायला सांगितलं, पण अप्पांनी तेवढंच नेमकं धरून ठेवलं. सरकारचं लक्ष आपल्या दुकानावर असणं त्यांना मुळीच शुभ वाटलं नाही.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. महिन्यातून चार-दोन कार्डं यायची. मुंबईला फोन लावायचा प्रसंग क्वचितच. मी त्या दांड्याला सरावले. माझी तीन वर्षांची मुलगी तो ओढला की टाळ्या पिटायची.

मग ती वैशाखातली दुपार आली. अप्पांच्या मावसभावाच्या घरचं लग्न जवळच्याच पालीला होतं. हे त्यांना स्कूटरवर बसवून सकाळीच गेले होते. दुकानात मी, माझी मुलगी आणि आमचे जुने सेल्समन, ज्यांना सगळा बाजार काका म्हणायचा. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. समोरच्या भांड्याच्या दुकानदारानं पडदा सोडून आत ताणून दिली होती. मुलगी गादीवर चिंध्यांची बाहुली करत बसली होती.

एक पांढरी मोटार दारात थांबली. त्यातून एक माणूस आणि एक मुलगी उतरली. माणूस तिशी ओलांडलेला, फिकट निळा कडक इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. मुलगी एकोणीस-वीसची असेल. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, गळ्यात नवं कोरं मंगळसूत्र. तिनं पायातल्या चपला काढून उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या आणि मान खाली घालून गादीच्या कडेला बसली.

"बस्ता बांधायचाय ताई," माणूस म्हणाला. "बहिणीचं लग्न आहे. भारीतलं दाखवा."

बोलणं इतकं सौम्य, की असं गिऱ्हाईक भेटलं म्हणून मला बरंच वाटलं. काकांनी शालू काढले, पैठण्या काढल्या. एक गोष्ट मात्र मला खटकली. बस्ता बांधायला आलेली माणसं भांडतात. रंगावरून, काठावरून, मावशीला कोणती आणि आत्याला कोणती यावरून. हा माणूस किंमत विचारायचा आणि सगळ्यात महाग असेल ती बाजूला ठेवायला सांगायचा. पदर उलगडूनही बघत नव्हता. त्याच्याबरोबरची मुलगी मात्र एका साध्या सुती इरकलीवर हात ठेवून बसली होती. मी म्हटलं, "तुम्हाला ती आवडली का?" तिनं हात झटकन मागे घेतला.

"तिला काय कळतंय," तो हसून म्हणाला. "काका, आणखी असतील ना आत? जरा बघा की."

आणखी शालू गल्लीपलीकडच्या गोदामात होते. काका किल्ली घेऊन गेले. त्यांचं वय झालेलं, चालणं हळू. ते गेले आणि त्यानं खिशातून कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं.

रक्कम ठराविक आकड्याच्या कितीतरी पुढे गेली होती. मी म्हटलं, "मुंबईला विचारावं लागेल."

"विचारा की. नियम म्हणजे नियम."

मी कार्ड हातात घेऊन फोन लावला. तिकडून एका बाईचा आवाज आला. मी कार्डावरचा नंबर वाचला, रक्कम सांगितली. तिनं थांबायला सांगितलं. बराच वेळ नुसती खरखर. मग ती पुन्हा बोलू लागली तेव्हा तिचा आवाज बदलला होता, हळू आणि जपून.

"मॅडम, आता मी जे विचारीन त्याला फक्त हो किंवा नाही म्हणा. दुसरं काही बोलू नका. कार्ड आणणारा माणूस तुमच्या समोर आहे का?"

"हो," मी म्हटलं.

"तो एकटा आहे?"

"नाही."

"दुकानात तुमच्या मदतीला कोणी आहे?"

मी दाराकडे पाहिलं. काकांचा पत्ता नव्हता. समोरच्या दुकानाचा पडदा हलत नव्हता.

"नाही."

"हे कार्ड त्या माणसाचं नाही. ते परत देऊ नका."

मी चेहरा तसाच ठेवायचा प्रयत्न केला, पण आपला चेहरा आपल्याला कुठे दिसतो? माणूस माझ्याकडेच बघत होता.

"काय म्हणते मुंबई?" त्यानं विचारलं. आणि विचारता विचारता गादीवर सरकून माझ्या मुलीला उचलून मांडीवर घेतलं. ती मुळीच बुजली नाही. त्याच्या चष्म्याच्या काडीला हात लावू लागली.

"थांबायला सांगतात," मी म्हटलं.

"थांबू की. नाव काय गं तुझं, बाळा?"

"मॅडम, कार्ड तुमच्या हातात आहे का?" फोनमधली बाई विचारत होती.

"हो."

मला तिला सांगायचं होतं की माझी पोरगी त्याच्या मांडीवर आहे. पण हो आणि नाही, या दोन शब्दांत ते कसं सांगणार? माझ्या उजव्या हाताशी कापड कापायची मोठी कात्री होती. माझी नजर एकदा तिच्यावर गेली असावी, कारण त्याचीही गेली. तो हसला. ते हसू मला आजही जसंच्या तसं दिसतं, कारण त्यात राग नव्हता.

"बाळा, गाडीत बसायचं का?" तो मुलीला म्हणाला. "गाडीत गोळ्या आहेत." आणि तिला कडेवर घेऊन उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, काम होत नसेल तर राहू द्या. कार्ड द्या आमचं. आम्ही आपले जातो."

रिसीव्हर माझ्या कानाला होता, कार्ड मुठीत होतं, आणि मुलगी त्याच्या कडेवर दाराच्या दिशेनं तोंड करून. मला उठता येईना. ओरडावं तर समोर गाडीचं दार उघडंच होतं. मी कार्ड पुढं करायला हात उचलला, आणि हात एवढा कापत होता की कार्ड गादीवर पडलं.

तेवढ्यात त्याच्याबरोबरची ती मुलगी उठली. दुकानात आल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"द्या हिकडं, रडायलीय ती," ती म्हणाली.

माझी मुलगी रडत नव्हती. ती हसत होती. पण त्या चुडा भरलेल्या मुलीनं एवढ्या सहज दोन्ही हात पुढे केले, की त्यालाही क्षणभर काही सुचलं नसावं. तिनं पोर त्याच्या कडेवरून काढून घेतलं, वळली, आणि गादीवरून वाकून माझ्या मांडीत ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर जाऊन चपला पायात घातल्या आणि गाडीत जाऊन बसली.

माणसानं गादीवरचं कार्ड उचललं. शर्टाच्या खिशात टाकलं.

"गोड आहे पोरगी," तो म्हणाला आणि गेला.

रिसीव्हरमधून हॅलो हॅलो चाललं होतं. मी कसंबसं म्हटलं, "तो गेला."

"कार्ड?"

"घेऊन गेला."

मला वाटलं आता ती रागावेल. पण तिनं विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?" त्यावर मात्र माझा बांध फुटला. काका शालूंचा गठ्ठा खांद्यावर घेऊन आले तेव्हा मी मुलीला छातीशी आवळून रडत होते आणि ती सुटायला धडपडत होती.

संध्याकाळी घरात चर्चा झाली. हे म्हणाले, "दिलंस ते बरं केलंस. कार्ड गेलं खड्ड्यात." अप्पांनी मुलीला जवळ घेतलं, तिच्या कपाळाला भस्म लावलं आणि बसून राहिले. मग म्हणाले, "आता वरून साहेब येतील. कार्ड काहून सोडलं म्हनतील. दुकानाला कुलूप लागंल."

पोलिसांत वर्दी दिली. औरंगाबादच्या अधिकाऱ्याचाही फोन आला. त्यानं मुलीची चौकशी केली नाही. "मॅडम, सूचना स्पष्ट होती," तो म्हणाला. "कार्ड ठेवून घ्यायचं. त्यानं पुढे परभणीत जाऊन त्याच कार्डावर सोनं घेतलं. आता हे प्रकरण मध्यवर्ती बँकेच्या तपासणीत निघणार. तुम्हाला उत्तर द्यावं लागेल." अप्पा माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. मी फोन ठेवला आणि त्यांना म्हटलं, "काही नाही, सहज केला होता." त्यांनी ओळखलंच.

पण साहेबांची भीती वेगळी आणि त्या माणसाची वेगळी. घटनेनंतर काही दिवसांनी दुकानात फोन वाजला. मी उचलला.

"ताई, कशी आहे पोरगी?" तोच सौम्य आवाज. "गोळ्या राहिल्या ना तिच्या."

एवढंच. फोन बंद झाला.

त्यानंतर मी कितीतरी दिवस नीट जेवले नाही. आमचं घर दुकानाच्या वरच होतं, आणि ते शोधायला कोणाला पत्ता विचारावा लागणार नव्हता. जिन्यात पाऊल वाजलं की मी मुलीला आत ओढायचे. पांढरी मोटार दिसली की मी दुकानात मागे सरायचे, आणि तेव्हा पांढऱ्या मोटारीच जास्त होत्या. मुलीला बालवाडीत पाठवणं बंद केलं. तिला कळेना आपण काय केलं. "मी शहाणी हाय ना?" असं विचारायची. शेवटी ह्यांनी तिला लातूरला माझ्या आईकडे नेऊन सोडलं. ती गेली त्या दिवशी जिवाला आराम पडला आणि घर खायलाही उठलं.

आभाळ भरून यायला लागलं होतं त्या सुमाराला, एक शिपाई दुकानात आला. गेवराईच्या पोलिसांनी एका बाईला बसवून ठेवलंय, म्हणाला, ओळखायला या. माझी जायची छाती होईना. मी तिला ओळखलं हे त्याला कळलं तर? हे म्हणाले, "मी बरोबर हाय. जाऊन येऊ." एस.टी.नं गेलो.

ठाण्यात ती भिंतीला टेकून खाली बसली होती. तीच. हिरवा चुडा निम्मा फुटला होता. बाजूच्या बाकावर धोतर नेसलेला एक म्हातारा डोक्याला हात लावून बसलेला, तिचा बाप. गोदाकाठच्या एका खेड्यातली माणसं. पुण्याच्या कंपनीतला साहेब म्हणून तो माणूस सोयरिकीला आला होता. हुंडा नको म्हणाला, बापानं पोरगी दिली. थोड्याच दिवसांत तिला बायको म्हणून दुकानादुकानांतून हिंडवलं. बरोबर बाई असली की दुकानदार संशय घेत नाहीत. आणि मग एका सकाळी गेवराईच्या स्टँडवर "आलोच" म्हणून उतरवून दिलं ते दिलंच.

"हीच का?" फौजदारानं विचारलं.

"हीच."

"साथीदार आहे त्याची. करा सही."

त्यानं लिहिलेला जबाब पुढं केला. त्यात ती त्याच्याबरोबर आली, बसली आणि गेली, एवढंच होतं. मी म्हटलं, "माझी मुलगी हिनंच त्याच्याकडून काढून माझ्या हातात दिली. ते ह्यात नाही."

"ते इथं लागत नाही, बाई."

"लागतं," मी म्हटलं. आवाज असा निघाला की माझाच मला ओळखू येईना. "ते लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

फौजदारानं ह्यांच्याकडे बघितलं, म्हणजे बायकोला समजावतील अशा आशेनं. हे म्हणाले, "लिहा साहेब. तसंच झालतं." हे तिथं नव्हते तेव्हा. तरी म्हणाले.

त्यानं लिहिलं. चिडून लिहिलं, पण लिहिलं. तो आत गेला तेव्हा मी तिच्याजवळ खाली बसले. "तुला ठाऊक होतं का कार्ड कोणाचं ते?"

"मला कार्ड म्हंजी काय ते बी ठाव नव्हतं," ती म्हणाली. "तुमचा हात लई कापत हुता. म्हून उठले."

"तुला त्याची भीती नाही वाटली?"

"वाटली की. रोजच वाटायची." मग खालच्या आवाजात म्हणाली, "गाडीत बसल्यावर लई मारलं त्यानं."

तिच्या बापानं आम्हाला निघताना हात जोडले. काही दिवसांनी तिला साक्षीदार म्हणून सोडल्याचं कळलं.

मध्यवर्ती बँकेचा अधिकारी आला तो त्यानंतर. बीडच्या शाखेत मॅनेजरच्या खोलीत आम्हाला बोलावलं. अप्पा धुतलेला रुमाल बांधून बरोबर आले. वाटेत एकदाच बोलले, "खरं ते सांग. जास्तीचं सांगू नको." खोलीत औरंगाबादचा अधिकारी आधीच बसला होता. मुंबईहून आलेले साहेब हडकुळे, केस पिकलेले. प्रवासानं त्रासलेले दिसत होते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, आधी पाणी मागवलं.

"कार्ड ठेवून घ्या असं तुम्हाला फोनवर सांगितलं होतं?"

"हो."

"मग परत का दिलंत?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, मांडीपासून कडेपर्यंत. ते लिहीत होते, ते थांबले.

"जिवावर बेतत असेल तर कार्ड सोडून द्या, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नाही साहेब."

त्यांनी औरंगाबादच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर, ते गृहीत आहे."

"कोणी गृहीत धरायचं? यांनी?" साहेबांनी पुढचा कागद काढला. "आणि ज्यांच्या नावाचं कार्ड आहे त्या डॉक्टरांनी ते मागितलं होतं का?"

"चांगल्या खातेदारांना आपण पाठवत होतो, सर."

"न मागता. साध्या टपालानं."

मला तेव्हा पहिल्यांदा उलगडलं की पुण्यातल्या त्या डॉक्टरांना आपल्या नावाचं कार्ड निघालंय याचा पत्ताच नव्हता. पाकीट वाटेतच कोणीतरी मारलं. मागे सहीची पट्टी कोरी. ज्याच्या हाती पडलं त्यानं आपली सही ठोकली आणि हिंडायला लागला. डॉक्टरांना कळलं ते बिल घरी आल्यावर.

अप्पांना राहवेना. हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्या दुकानाला कुलूप लागंल का?"

"का लागेल? यात तुमचं नुकसान नाही, डॉक्टरांचंही नाही. बँकेचं आहे." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, या कार्डांचे नियम अजून पुरते बसलेले नाहीत. आमच्याकडे ते काम चालू आहे. म्हणूनच गावोगाव जाऊन विचारतोय. तुम्ही सांगितलंत ते मी लिहून घेतलंय."

त्या लिहिण्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. कितीतरी वर्षांनी न मागता कार्ड पाठवायचं नाही असा नियम वर्तमानपत्रात वाचला. तो माझ्यामुळे झाला असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. आमच्यासारखं किती जणींना किती गावांत सांगावं लागलं असेल.

अप्पा घरी येताना चक्क पेढे घेऊन आले. माझी भीती मात्र गेली नाही, कारण तो माणूस मोकळाच होता. यंत्र आम्ही परत केलं. ह्यांनी स्वतःच बँकेला कळवलं, मला विचारलंही नाही. मुलगी दिवाळीपर्यंत लातूरलाच राहिली.

तो सापडला पुढच्या उन्हाळ्यात, औरंगाबादेत, दुसऱ्या कोणाच्या तरी कार्डावर टी.व्ही. घेताना. त्या दुकानदाराकडे चार पोरं कामाला होती, त्यांनी धरून ठेवला. मला ओळख पटवायला जावं लागलं. आदल्या दिवशी ताप भरला होता. एका मोकळ्या खोलीत सात-आठ माणसं उभी केली होती आणि मला एकेकाच्या समोरून जायला सांगितलं. चष्मा नव्हता, दाढी वाढलेली होती, तरी मी लांबूनच ओळखलं. त्याच्यासमोर थांबले. त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं.

त्यानं मला ओळखलं नाही.

मी वाट पाहिली. काहीतरी हालेल त्या चेहऱ्यावर, ते हसू येईल, मुलीचं विचारेल. काही नाही. समोर एक बाई उभी आहे, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं. किती दुकानं, किती बायका, किती पोरं. वर्षभर मी जिन्यातली पावलं ऐकत जागले होते आणि त्याच्या लेखी ती दुपार कधीच पुसली गेली होती.

मी बोट दाखवून म्हटलं, "हाच." आवाज कापला नाही.

बाहेर ह्यांनी चहा सांगितला. मी दोन कप प्यायले. चहा गोडमिट्ट होता, तरी बरा वाटला. मला राग आला होता, भीतीपेक्षा जास्त, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. बसमध्ये खिडकीशी बसले. पैठणचा फाटा ओलांडला तोवर ह्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. गेवराईच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबली, भेळवाले चढले-उतरले, असं हे नंतर म्हणाले. मला काहीच कळलं नाही. बीड आल्यावर कंडक्टरनं बेल मारली तेव्हा कुठे जाग आली.